मोडीचा भाव

टंगस्टनचा डबा उचलताना नवीन पोरं हमखास फसतात.
दिसतो हळदीच्या डब्याएवढा,
आणि खांदा खाली ओढतो.

कुपवाडच्या शेडमध्ये, तिसऱ्या पाळीत,
मी ही राखाडी पूड चाळते, तोलते, साच्यात ओतते.
प्रेस खाली येते. वर जाते.
हाती लागते एक वडी,
खडूसारखी; जरा जोरानं धरली
तर चिमटीत पुन्हा पूड.
बाबालाल नदाफ म्हणतात,
"हिला अजून कशाची सवय नाही. हळू."

या दोघांना एका मुशीत घालून भागत नाही.
टंगस्टन पाझरायच्या कितीतरी आधी
तांब्याची वाफ होऊन जाते.
म्हणून वडी आधी एकटीच भाजायची,
कण कणाला टेकेल इतपत,
भोकं बुजणार नाहीत इतपत.
महिनाभर मी भोकांनाच खोट समजत होते.

मग वडीवर तांब्याची चकती ठेवायची
आणि मागं सरायचं.

भट्टीच्या तोंडाशी हायड्रोजन जळत असतो.
बाबालाल त्या ज्योतीकडं बघत डबा उघडतात,
शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर ठेवतात.
"ज्योत दिसतेय तोवर जेवून घे."

सकाळी चकती नसते.
सांडलेली नसते, उडालेली नसते.
वडीच्या अंगावर फक्त तांबूस झाक,
पान खाऊन तोंड पुसल्यासारखी.
मी वजन करते :
कालची वडी अधिक कालची चकती.
काटा तिथंच येऊन थांबतो.

कापून, घासून, दुर्बिणीखाली धरलं
की राखाडी खडे दिसतात, आणि खड्यांमधून
तांबड्या पाऊलवाटा.
कुठंच रंग रंगात उतरलेला नाही.
जोगळेकर साहेब डोळा लावून म्हणाले,
"हरिपूरचा संगमच की हो हा!"
मी मान हलवली. साहेबच ते.
पण हरिपुरात दोन पाण्यांची रेघ टिकते किती?
वाडीच्या घाटावर ओंजळ भरून सांगावं कुणी
यातली वारणा कोणती.
इथं रेघ जात नाही.
रेघेच्या जिवावरच तर स्विच पडतो,
ठिणगी उडते तेव्हा एक आच सोसतो,
दुसरा वीज नेतो.

एक तुकडा कोपऱ्यात उडाला होता, नापास.
गेटपास करून घरी नेला, अण्णांना दाखवायला.
मिरजेत पन्नास वर्षं हंडे-बंब ठोकले त्यांनी.
हातोड्यानं घर चालवलं
आणि कान नेले.

त्यांनी तुकडा उलटापालटा केला.
नखानं वाजवला. काही नाही.
मग दातात धरला
आणि चहाच्या चमच्यानं हलकेच टोला दिला.
डोळे मिटले.
हाडातून ऐकतात ते आता.

"तांबं नव्हे," म्हणाले. "कासंही नव्हे.
कासं कसं होतं, तांबं आपलं नाव विसरतं, कथील आपलं,
मग घुमतं ते.
यातलं कुणीच काही विसरलेलं नाही."

आणि लगेच, अस्सल तांबटासारखं :
"मोडीत काय भाव?"

मी हातवारे करून सांगितलं,
पेठेतल्या बोहरींकडं नेला होता मी असाच एक.
त्यांनी लोहचुंबक लावून पाहिला, कानस लावून पाहिली,
पावतीपुस्तक उघडलं,
तांबं लिहू का पोलाद, म्हणून पेन धरून बसले,
आणि शेवटी मलाच चहा पाजून
तुकडा परत दिला.

अण्णा हसले. बऱ्याच दिवसांनी.
तुकडा त्यांनी माझ्याकडं दिला नाही.

आता पाळी संपवून घरी येते
तेव्हा ओट्यावर बसलेले असतात,
तुकडा दातात, चमचा हातात.
टक्. थांबतात. टक्.
मी चपला काढता काढता विचारते,
काय ऐकू येतं हो अण्णा?

त्यांना अर्थातच
ऐकू येत नाही.